एकाच गुहेत हजारो अस्वलांची हाडं कशी साठतात?

ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात, मिक्सनिट्झ गावाच्या वरच्या डोंगरात ड्राखेनहोले नावाची मोठी गुहा आहे. तिच्या मातीतून निघणाऱ्या भल्यामोठ्या कवट्या आणि सुळे पाहून जुन्या काळच्या लोकांची खात्री झाली होती की इथे ड्रॅगन राहत असणार. पहिलं महायुद्ध संपल्यावर ऑस्ट्रियाला शेतीसाठी खताची निकड होती, आणि या गुहेच्या तळाची माती फॉस्फेटने भरलेली होती. १९२० ते १९२३ या काळात ती माती खणून बाहेर काढली गेली आणि खत म्हणून वापरली गेली. त्यातलं बरंच फॉस्फेट अस्वलांच्या हाडांतून आणि कुजलेल्या देहांतून आलेलं होतं. या एका गुहेत किती अस्वलांचे अवशेष असावेत याचा अंदाज ३० हजारांपासून ५० हजारांपर्यंत जातो.

हा आकडा वाचला की डोळ्यांसमोर काहीतरी भयंकर उभं राहतं. पूर आला असेल, साथ पसरली असेल, नाहीतर माणसांनी अस्वलांची कत्तल करून हाडं इथे आणून टाकली असतील. प्रत्यक्षात यातलं काहीच घडावं लागत नाही. एखाद्या हिवाळ्यात एक अस्वल मेलं, पुढची दोन-तीन वर्षं कुणीच मेलं नाही, मग एक पिल्लू गेलं, असं इतक्या संथपणे चालत राहिलं तरी हा ढीग तयार होतो. फक्त त्यासाठी हजारो वर्षं हवीत. हे नीट समजून घ्यायचं तर आधी त्या अस्वलाची ओळख करून घेऊ.

गुहा-अस्वल, शास्त्रीय नाव उर्सुस स्पेलेयस, हे हिमयुगातल्या युरोपचं अस्वल. पश्चिमेला स्पेनपासून पूर्वेला उरल पर्वतापर्यंत ते आणि त्याचे जवळचे भाऊबंद पसरलेले होते. मोठा नर ४०० ते ५०० किलोंचा, मादी त्याच्या साधारण निम्म्या वजनाची. कपाळ नाकाच्या वर एकदम चढलेलं, डोकं अवजड, दाढा रुंद आणि खडबडीत. दाढा पाहिल्या तरी कळतं की हा प्राणी प्रामुख्याने पाला, गवत, कंद चावून खाणारा होता. हाडांच्या रासायनिक तपासणीतूनही तेच दिसतं. मांस खाणाऱ्या प्राण्याच्या हाडात नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचं, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण वाढलेलं असतं, आणि बहुतेक गुहा-अस्वलांत ते शाकाहारी प्राण्यांइतकंच कमी आहे. सुमारे २४ ते २५ हजार वर्षांपूर्वी ही जात नामशेष झाली. तिच्या आधीची पूर्वज जात उर्सुस डेनिंगेरी. तिचीही हाडं गुहांतच मोठ्या संख्येने मिळतात.

शास्त्राच्या नजरेत हे अस्वल आलं ते जर्मनीतल्या फ्रँकोनिया भागातल्या त्सूलिथेनहोले या गुहेतून. योहान फ्रीडरिश एस्पर नावाच्या धर्मोपदेशकाने १७७४ मध्ये तिथल्या हाडांचं सविस्तर वर्णन छापलं. ही हाडं ध्रुवीय अस्वलाची असू शकतील असं त्याला वाटत होतं. एखाद्या प्राण्याची जात पृथ्वीवरून कायमची नाहीशी होऊ शकते ही कल्पनाच तेव्हा रुळलेली नव्हती, त्यामुळे कुठल्यातरी जिवंत प्राण्याशी सांगड घालणं साहजिक होतं. पुढे वीस वर्षांनी, १७९४ मध्ये, योहान क्रिस्टियान रोझेनम्युलरने हे अस्वल वेगळं आहे असं सांगून त्याला आजचं शास्त्रीय नाव दिलं.

मरण हिवाळ्यातलं

अस्वल गुहेत राहतं असं आपण सहज म्हणून जातो. पण उन्हाळ्यात अस्वलाला गुहेत काही काम नसतं. खाणं बाहेर, पाणी बाहेर, जोडीदार बाहेर. गुहा लागते ती शीतनिद्रेसाठी, आणि हाडांच्या ढिगाचं मूळही इथेच आहे.

आजच्या तपकिरी अस्वलांच्या अभ्यासातून शीतनिद्रेत काय होतं ते चांगलं माहीत आहे. अस्वल महिनोन्‌महिने खात नाही, पाणी पीत नाही, मलमूत्र विसर्जन करत नाही. हृदयाचे ठोके मिनिटाला दहाच्या आसपास उतरतात, शरीराचं तापमान मात्र काही अंशांनीच घटतं. हा सगळा काळ ते शरद ऋतूत साठवलेल्या चरबीवर काढतं. मादीचं काम तर याहून अवघड. ऐन हिवाळ्यात, साधारण जानेवारीत, ती गुहेतच पिल्लांना जन्म देते. जन्मतः पिल्लू अर्ध्या किलोच्या आत-बाहेर, जवळजवळ केसहीन आणि आंधळं. स्वतः उपाशी असताना ती त्यांना दूध पाजते.

म्हणजे शरद ऋतूतच हिशेब ठरून जातो. उन्हाळा कोरडा गेला, चारा कमी मिळाला, चरबी पुरेशी साठली नाही, तर वसंत येण्याआधीच ती संपते. ज्याचे दात झिजून गुळगुळीत झालेत अशा म्हाताऱ्या अस्वलाला पोटभर चावताच येत नाही. आजारी किंवा जखमी अस्वलाचंही तेच. पहिलाच हिवाळा आईशिवाय काढणाऱ्या कोवळ्या अस्वलाला अनुभव कमी आणि साठाही कमी. आणि नवजात पिल्लांना तर आईचं दूध आटलं की दुसरा आधारच नाही. यांपैकी कुणीही जिथे झोपलं तिथेच, गुहेच्या आत मरतं. धडधाकट अस्वल वसंतात उठून बाहेर पडतं आणि शक्यतो बाहेरच कुठेतरी मरतं.

हा नुसता तर्क असता तर मी तो इतक्या ठामपणे मांडला नसता. त्याची साक्ष दातांमध्ये आहे. एखाद्या गुहेतल्या अस्वलांची मृत्यूवेळची वयं मांडली तर दोन टोकांना गर्दी दिसते: एकीकडे पिल्लं आणि वर्ष-दोन वर्षांची कोवळी अस्वलं, दुसरीकडे म्हातारी. मधल्या, ऐन उमेदीच्या वयातली संख्या कमी. अचानक आलेल्या पुरात किंवा दरड कोसळून सगळा समूह मेला असता तर त्यात तरणीबांड अस्वलंही त्यांच्या खऱ्या प्रमाणात सापडली असती. माणसांनी मांसासाठी शिकार केली असती तर मोठ्या, मांसल जनावरांकडे कल दिसला असता.

फिनलंडचे जीवाश्मशास्त्रज्ञ ब्यॉर्न कुर्टेन यांनी १९५८ मध्ये ओडेसाजवळच्या गुहा-अस्वलांच्या दातांवरून आणखी एक सुरेख गोष्ट दाखवली. कोवळ्या अस्वलांचे दात वाढीच्या क्रमाने लावले तर ते सलग ओळीत बसत नाहीत, त्यांचे वेगवेगळे गट पडतात. नुकत्याच जन्मलेल्यांचा एक गट, सुमारे एक वर्षाच्यांचा दुसरा, दोन वर्षांच्यांचा तिसरा. मधल्या महिन्यांची पिल्लं जवळपास गायब. जन्म दरवर्षी एकाच ऋतूत होतो आणि गुहेतलं मरणही एकाच ऋतूत होतं, म्हणूनच हे गट असे सुटे पडतात. वर्षभर कधीही मरण येत असतं तर सगळ्या वयांची सरमिसळ मिळाली असती. मला हा पुरावा फार आवडतो, कारण त्यासाठी कुठलं महागडं यंत्र लागत नाही; दात, मोजपट्टी आणि चिकाटी एवढंच लागतं.

दाताच्या मुळावर दरवर्षी सिमेंटम नावाच्या कठीण पदार्थाचा एकेक थर चढत जातो. मूळ आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की झाडाच्या खोडातल्यासारखी वलयं दिसतात. उन्हाळ्याचं वलय रुंद, हिवाळ्याचं अरुंद. वलयं मोजून वय कळतं आणि सगळ्यात बाहेरचं वलय कुठल्या प्रकारचं आहे त्यावरून मृत्यूचा ऋतू.

साध्या गुणाकाराची ताकद

आता संख्येकडे वळू. समजा एका गुहेत दर दोन हिवाळ्यांत सरासरी एकच अस्वल मरतं. हा वेग इतका कमी आहे की त्या काळी तिथून जाणाऱ्या माणसाला आयुष्यभरात काही विशेष जाणवलंही नसतं. पण गुहा २० हजार वर्षं वापरात राहिली तर १० हजार अस्वलं जमा होतात. आणि एका अस्वलाच्या सांगाड्यात दोनशेहून जास्त हाडं, शिवाय दात. म्हणजे वीस लाखांहून अधिक तुकडे. त्यातली बहुतांश नष्ट झाली असं धरलं तरी उरलेला ढीग पाहणाऱ्याला थक्क करायला पुरेसा आहे.

हा गुणाकार वाटतो तितका सहज मनात शिरत नाही. आपली कालाची जाण पिढ्यांची असते, फार तर शतकांची. म्हणून एकत्र पडलेली हाडं दिसली की एकत्र झालेला मृत्यू डोळ्यांसमोर येतो. शेजारी-शेजारी पडलेल्या दोन कवट्यांमध्ये पाच हजार वर्षांचं अंतर असू शकतं.

तुकडे लाखो असले तर अस्वलं किती हे मोजायचं कसं? कवटीचे चार तुकडे एकाच अस्वलाचे की चार अस्वलांचे हे सांगता येत नाही. म्हणून शरीरात एकच असतो असा एखादा भाग निवडतात, उदाहरणार्थ खालच्या जबड्याचा डावा सुळा. असे सुळे चाळीस निघाले तर किमान चाळीस अस्वलं होती हे पक्कं. खरी संख्या याहून जास्तच असते, कारण कित्येक सुळे हरवलेले, फुटलेले किंवा अजून मातीतच असतात.

पण मग अस्वलं पुन्हा पुन्हा त्याच गुहेत का येत? थोडंफार उत्तर गुहेच्या रचनेत आहे. चुनखडीच्या खोल गुहेत आतलं तापमान वर्षभर जवळपास सारखं, बाहेरच्या वार्षिक सरासरीइतकं राहतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी आत नाही. अशी, आत शिरता येण्याजोगी, कोरडी आणि पुरेशी मोठी गुहा प्रत्येक दरीत नसते.

उरलेलं उत्तर २०१६ मध्ये स्पेनमधून आलं आणि ते जास्त विलक्षण आहे. उत्तर स्पेनमधल्या अनेक गुहांतल्या अस्वलांच्या हाडांतून मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, डीएनए काढण्यात आला. हा डीएनए फक्त आईकडून मुलांकडे जातो, त्यामुळे त्यावरून आईच्या बाजूची वंशरेषा लावता येते. गुहा एकमेकींपासून फार लांब नव्हत्या, अस्वलाला सहज चालत जाता येईल इतक्या जवळ होत्या. तरीही जवळपास प्रत्येक गुहेची वंशरेषा वेगळी निघाली. म्हणजे अस्वलं बाहेर कुठेही फिरोत, हिवाळ्याला ती आपल्या जन्माच्या गुहेकडे परत येत होती. त्याच भागातल्या तपकिरी अस्वलांत मात्र असा नमुना दिसला नाही. त्यांच्या वंशरेषा गुहांमध्ये मिसळलेल्या होत्या. म्हणजे इथे एक मादी जन्मली, मोठी झाली, परत येऊन तिने पिल्लं दिली, तिच्या लेकींनी तेच केलं, आणि या साखळीतली जी अस्वलं हिवाळ्यात दगावली त्यांची हाडं त्याच जमिनीत मिसळत गेली.

मेल्यानंतरची उलथापालथ

कुणाला वाटेल की मग गुहेत सबंध सांगाडे निवांत पडलेले मिळत असतील. तसं क्वचितच होतं. बहुतेक ठिकाणी हाडं विखुरलेली, मोडलेली, एकमेकांत मिसळलेली असतात, आणि याचं पहिलं कारण म्हणजे पुढच्या हिवाळ्यात येणारी अस्वलं.

झोपण्याआधी अस्वल जमीन उकरून स्वतःपुरता खोलगट बिछाना करतं. फ्रान्समधल्या शोवे गुहेत असे शेकडो खड्डे आजही जसेच्या तसे आहेत. डिसेंबर १९९४ मध्ये सापडलेली ही गुहा भित्तिचित्रांसाठी जगप्रसिद्ध झाली. पण तिच्या जमिनीवर १९० च्या आसपास अस्वलांच्या कवट्या, ओल्या मातीत उमटलेली पावलं आणि भिंतींवर नखांचे ओरखडे आहेत, हे तितक्यांना ठाऊक नसतं. काही ओरखडे चित्रांच्या खाली आहेत, काही वरून गेलेत. प्रत्येक नवा बिछाना खणताना जुनी हाडं वर येतात, बाजूला फेकली जातात, पायाखाली तुटतात. अंधारात पाचशे किलोंचं धूड चालत असेल तर पातळ बरगड्यांचं काय होत असेल याची कल्पना करा. हाडं मातीवर आणि एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. अरुंद वाटांवरच्या दगडी भिंतीही पिढ्यान्‌पिढ्या अस्वलांची अंगं घासून अशा चकचकीत झाल्या आहेत की हात लावला तर पॉलिश केल्यासारख्या लागतात.

दुसरा हात पडतो मांसभक्षकांचा. मेलेलं किंवा मरायला टेकलेलं अस्वल म्हणजे हिवाळ्यातली मेजवानी. लांडगे, गुहा-तरस आणि गुहा-सिंह आत शिरत. दातांच्या खुणा असलेली, टोकं कुरतडलेली लांब हाडं अनेक गुहांत मिळतात. नवजात पिल्लांची कोवळी हाडं तर पूर्ण चावून गिळली जात, म्हणून त्यांची संख्या नेहमी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

तिसरं पाणी. बर्फ वितळला की काही गुहांमध्ये प्रवाह शिरतो आणि तो हाडांची निवड करतो. मणके आणि बरगड्यांसारखी हलकी, सच्छिद्र हाडं आधी वाहून जातात. कवटी आणि खालचा जबडा सगळ्यात शेवटी हलतात. त्यामुळे एखाद्या कोनाड्यात फक्त मणकेच साचलेले दिसले किंवा लांब हाडं सगळी एकाच दिशेला तोंड करून पडलेली दिसली, तर तिथून पाणी गेलं असं समजतात. कधीकधी अख्खा थर चिखलासकट खालच्या विवरात घसरतो.

एवढं सगळं होऊनही हाडं टिकतात, कारण गुहेबाहेरचे शत्रू इथे नसतात. ऊन नाही, पाऊस नाही, आलटून-पालटून गोठणं आणि वितळणं जवळपास नाही, झाडांची मुळं नाहीत. चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि ते आम्लधर्मी राहत नाही, त्यामुळे हाडातलं खनिज विरघळत नाही. जंगलातल्या आम्लधर्मी मातीत पडलेलं अस्वल काही दशकांतच नाहीसं होतं. गुहेत त्यावर चिकणमाती साचते, आणि कधी कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचा, कडक पापुद्रा चढून सगळा थर मोहोरबंद होतो. हा पापुद्रा अभ्यासकांना वरदान ठरतो. किरणोत्सारी कार्बनने जेमतेम ५० हजार वर्षांपर्यंतचं वय मोजता येतं. त्याहून जुन्या थरासाठी कॅल्साइटमधल्या युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून पापुद्र्याचं वय काढतात. खालची हाडं त्याहून जुनी, हे मग ओघानेच आलं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. जीवाश्म म्हटलं की दगड झालेलं हाड आपल्या मनात येतं, पण गुहा-अस्वलांची पुष्कळ हाडं दगड झालेलीच नाहीत. त्यांत मूळ हाडातलं कोलॅजन हे प्रथिन अजून आहे, आणि त्यासोबत डीएनएचे तुकडेही. २०१३ मध्ये तर ३ लाख वर्षांहून जुन्या अस्वलाच्या हाडातून मायटोकॉन्ड्रियाचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला. ते हाड स्पेनमधल्या आतापुएर्का इथल्या सिमा दे लोस उएसोस या ठिकाणचं. तिथे हाडं पोचली ती मात्र अगदी वेगळ्या वाटेने.

दुसऱ्या वाटा

सिमा दे लोस उएसोस म्हणजे गुहेच्या आतली उभी विहीरच, सुमारे १३ मीटर खोल. तळाशी आदिमानवांचे सुमारे अठ्ठावीस सांगाडे तुकड्या-तुकड्यांनी मिळाले, आणि त्यांच्यासोबत उर्सुस डेनिंगेरीची दीडशेहून अधिक अस्वलं. अंधारात झोपायला जागा शोधणारं अस्वल कड्यावरून घसरलं की वर येण्याचा मार्ग नाही. अशा नैसर्गिक सापळ्यात वयाचा हिशेब बदलतो. खड्डा म्हातारा-तरणा पाहत नाही, त्यामुळे धडधाकट वयाची जनावरंही त्यात बऱ्याच संख्येने असतात, आणि पडताना मोडलेली हाडं दिसतात.

अमेरिकेत वायोमिंगमधली नॅचरल ट्रॅप केव्ह ही अशीच. जमिनीत तोंड, खाली सुमारे २६ मीटरची पोकळी. तिच्या तळाशी घोडे, लांडगे, अमेरिकन चित्ता यांच्यासोबत आखूड तोंडाचं प्रचंड अस्वल आर्क्टोडस हेही सापडलं आहे. मेक्सिकोच्या युकातान भागात २००७ मध्ये पाणबुड्यांना पाण्याखालच्या गुहेत ओयो नेग्रो नावाचा अवाढव्य खड्डा सापडला. हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना ही गुहा कोरडी होती. त्या खड्ड्यात १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीच्या एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा आहे, आणि आर्क्टोथेरियम या नामशेष अस्वलाची उत्तम टिकलेली हाडंही. हे अस्वल मूळचं दक्षिण अमेरिकी म्हणूनच माहीत होतं. नंतर पाणी चढलं आणि सारं बुडालं, म्हणून ते इतकं शाबूत राहिलं.

तिसरी वाट तरसांची. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या कर्कडेल गुहेत १८२१ साली हत्ती, गेंडा, पाणघोडा अशा प्राण्यांची हाडं सापडली. बायबलमधल्या नोहाच्या प्रलयाने ती वाहून आली असं म्हणणं त्या काळी सोपं होतं. भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी ते मानलं नाही. गुहेचं तोंड इतकं अरुंद की हत्ती आत जाणं अशक्य. तरसांचे दात विपुल. हाडं ठरावीक पद्धतीने फोडलेली. ऑक्सफर्डला आलेल्या फिरत्या प्राणिसंग्रहालयातल्या एका तरसाला त्यांनी बैलाच्या नडगीचं हाड खायला दिलं आणि उरलेले तुकडे गुहेतल्या तुकड्यांशी ताडून पाहिले. दोन्ही सारखे. ही तरसांच्या राहण्याची गुहा होती, आणि हाडं तरसांनीच तुकड्या-तुकड्यांनी आत ओढली होती. अशा ठिकाणी अनेक जातींचे प्राणी मिळतात. अस्वलांच्या शीतनिद्रेच्या गुहेत मात्र एकट्या अस्वलांचाच भरणा असतो. कुठल्याही गुहेत पहिला प्रश्न म्हणूनच हा: जाती किती, आणि त्यात अस्वलांचं प्रमाण काय?

आणि माणूस?

माणसाचा हात शोधायचा मोह अभ्यासकांना फार काळ आवरला नाही. स्वित्झर्लंडमध्ये फेटिस गावाच्या वर, २,४०० मीटरहून उंचावर ड्राखेनलोख ही गुहा आहे. एमिल बेखलर यांनी १९१७ ते १९२३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि जाहीर केलं की निअँडरथल माणसांनी (आता नामशेष झालेल्या मानवजातीने) दगडी फरशांच्या पेट्या करून त्यांत अस्वलांच्या कवट्या रचून ठेवल्या होत्या. एका कवटीच्या गालाच्या कमानीतून मांडीचं हाड आरपार घातलेलं होतं. यातून अस्वलपूजेची कल्पना जन्मली आणि ती इतकी मोहक होती की कित्येक दशकं पुस्तकांतून फिरत राहिली.

बाझेलचे नेत्रवैद्य आणि जीवाश्म-अभ्यासक एफ. ई. कोबी यांच्यासारख्या टीकाकारांनी तिच्यावर शंका घेतली. छतातून चुनखडीच्या सपाट फरशा सुटून पडतातच, आणि त्यांच्या आडोशाला आलेली कवटी तुडवली जात नाही म्हणून शाबूत राहते. अस्वलांच्या हालचालीने हाडं सरकत सरकत पोकळ्यांत जाऊन अडकतात. बेखलर यांना हाडांची हत्यारं वाटलेले घासलेले तुकडे असेच घासले गेलेले होते. पेटीच्या प्रसिद्ध झालेल्या रेखाटनांचाही एकमेकांशी मेळ बसत नव्हता. आज ही पूजेची कल्पना बहुतेक अभ्यासकांनी सोडून दिलेली आहे.

स्लोव्हेनियातल्या दिव्ये बाबे गुहेतल्या हाडावरून अजून वाद चालू आहे. १९९५ मध्ये तिथे कोवळ्या गुहा-अस्वलाच्या मांडीच्या हाडाचा, ओळीत भोकं असलेला तुकडा सापडला. ही निअँडरथलांची बासरी असं उत्खनन करणारे इव्हान तुर्क म्हणतात. ही मांसभक्षकाच्या दातांची भोकं आहेत असं इतरांचं म्हणणं. ज्या गुहेत हजारो अस्वल-हाडं तरसा-लांडग्यांच्या तोंडातून गेली, तिथे एखाद्या हाडावर भोकं ओळीत पडणं अशक्य नाही, म्हणून माझा कौल सावधपणे दुसऱ्या बाजूला आहे.

माणूस आणि अस्वल एकाच गुहेत सापडले तरी ते एकाच वेळी तिथे होते असं नाही. इस्तंबूलजवळच्या यारिमबुरगाझ गुहेत उर्सुस डेनिंगेरीची हाडं आणि प्राचीन दगडी हत्यारं एकाच थरात आहेत. पुरातत्त्वज्ञ मेरी स्टायनर यांनी अभ्यास केला तेव्हा अस्वलांची वयं शीतनिद्रेतल्या मृत्यूशी जुळणारी निघाली. माणसं आणि अस्वलं वेगवेगळ्या वेळी येऊन गेली, आणि मंद गतीने साचणाऱ्या मातीने दोघांच्या खुणा एका थरात आणल्या.

शिकार झालीच नाही असं मात्र नाही. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत गुहा-अस्वलाच्या मणक्यात गारगोटीच्या दगडाचं भाल्याचं टोक रुतलेलं सापडलं आहे, सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचं. हाडांवर कातडी सोलल्याच्या आणि मांस कापल्याच्या खुणाही मिळतात. पण अशी हाडं एकूण ढिगाच्या मानाने थोडी. शिकार ढिगाचं कारण होऊ शकत नाही, जरी नामशेष होण्यात तिचा वाटा असला तरी. गुहा-अस्वलांची संख्या सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीपासून घसरू लागल्याचं जनुकीय अभ्यासातून दिसतं, आणि आधुनिक माणूस युरोपभर पसरला तो याच सुमाराला. जन्मगुहेला चिकटून राहणाऱ्या प्राण्याला, ती गुहा माणसांनी व्यापली तर, दुसरीकडे जाणं जड गेलं असावं.

या ढिगांवरून काय ठरवता येतं आणि काय नाही, याचंही भान ठेवावं लागतं. त्याच काळात युरोपात तपकिरी अस्वलंही होती, पण त्यांची हाडं गुहांमध्ये फार थोडी. यावरून ती संख्येने विरळ होती असा निष्कर्ष निघत नाही. तपकिरी अस्वल झाडाच्या मुळांखाली, उतारावर माती उकरून, कुठेही हिवाळा काढतं. तिथे मेलं तर मागे काहीच उरत नाही. गुहा-अस्वलांचंही आपल्याकडे फक्त हिवाळी दफ्तर आहे. उन्हाळ्यात मादीसाठी झुंजताना मेलेला नर, नदी ओलांडताना बुडालेलं अस्वल, कुरणात लांडग्यांनी वेढलेलं पिल्लू, यांची हाडं आपल्यापर्यंत पोचत नाहीत. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात सुमारे २,८०० मीटर उंचीवर कॉन्तुरिनेस ही गुहा आहे. तिथेही गुहा-अस्वलांची भरपूर हाडं मिळाली, म्हणजे त्या काळी तितक्या उंचीवरही अस्वलांना उन्हाळाभर पोट भरता येईल इतकी हिरवळ होती. आज त्या गुहेभोवती उघडा खडक आहे. तिथला तो उन्हाळा आपल्याला कळला तो, हिवाळ्यात आत झोपलेली आणि मग न उठलेली अस्वलं मागे राहिली म्हणूनच.